रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग दुखतंय, लहानपणीचं फारसं आठवतही नाही? यामागे बालपणीची भीती असू शकते.

पण आधी रक्ताच्या या तपासण्या झाल्यात का ते बघा: बी-१२, थायरॉईड, साखर. बी-१२ कमी असलं तरी विसरायला होतं, हातापायांना मुंग्या येतात. हे वगळल्याशिवाय बालपणाकडे बोट दाखवू नका.

माझे रिपोर्ट चांगले होते, तरी जबडा आणि मान ठणकायची. तिसरी-चौथीतलं जवळपास काहीच आठवत नाही. दारू पिऊन येणाऱ्या काकांच्या चपलांचा आवाज तेवढा आठवतो. भीतीत वाढलेलं शरीर पुढेही सावधच राहतं. स्नायू आखडतात, झोप उथळ होते, मज्जासंस्था साध्या दुखण्यालाही जोरात उत्तर देते. सततचा ताण मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या भागाच्या, हिप्पोकॅम्पसच्या, कामात अडथळा आणतो. १९९८ साली अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की बालपणीचे आघात जितके जास्त, तितका मोठेपणी आजारांचा धोका जास्त. तुमचं दुखणं खरं आहे. 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

वही ठेवा. कधी दुखलं, त्याआधी काय घडलं, झोप कशी होती. ऐरोली-ठाणे लोकलमध्ये कुणी मोठ्यानं भांडलं की माझी मान आखडते, हे वहीमुळेच कळलं.

हरवलेल्या आठवणी मात्र ओढून काढू नका. संमोहनाने काढून देतो म्हणणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका. न घडलेलंही खरं वाटू लागतं. सगळं आठवल्याशिवायही बरं वाटू शकतं.

वही घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ठाण्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. घरून बोलायचं तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर सकाळची वाट न बघता लगेच लावा.