मेळाव्यातली जुनी अमेरिकन गाणी: काय ठेवायचं, काय गाळायचं

अमेरिकेत सहगायनात लोकगीत म्हणून चालणारी बरीच गाणी 19व्या शतकातल्या मिन्स्ट्रेल खेळांतली आहेत. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायचे, त्यासाठी रचलेली. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी यादी तपासायला घ्या.

शाळेच्या गीतपुस्तकावर विसंबू नका, त्यात नेमकी नकोशी कडवी गाळलेली असतात. सुरुवातीची छापील प्रत पाहा. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पुष्कळ मिळतात. ‘ओ! सुझाना’च्या (1848) मूळ दुसऱ्या कडव्यात पाचशे कृष्णवर्णीय मेल्याचा ‘विनोद’ आहे, तोही शिवीसकट.

नुसता शब्द बदलून भागत नाही. केंटकी राज्याने 1986मध्ये ‘माय ओल्ड केंटकी होम’ या राज्यगीतातला कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानकारक शब्द काढून ‘लोक’ घातला. गाणं गुलामाच्या ताटातुटीचं आहे, हे त्याने उलट झाकलंच जातं!

धुनेचा प्रश्न अवघड. ‘टर्की इन द स्ट्रॉ’ची चाल 1830च्या दशकात ‘झिप कून’ या टिंगलगीताने गाजली. शब्दांविना वाजवली तरी जाणकाराला तेच आठवतं. कॉन्ट्रा नाचासाठी (समोरासमोर रांगा करून जोड्यांनी करायचा समूहनाच) बदली धून 32 बारचीच (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) हवी (आठ-आठ बारचे दोन भाग, प्रत्येक दोनदा), नाहीतर नाचणारे मध्येच अडकतात. ‘सोल्जर्स जॉय’ चपखल बसते. मात्र ती बहुधा डी पट्टीत वाजते, ‘टर्की’ जीमध्ये. वादकांना आधी कळवा.

एखादं गाणं ठेवलंच, तर आधी दोन वाक्यांत मूळ सांगा. पाच मिनिटांचं व्याख्यान नको. आणि निर्णयाचं ओझं हजर असलेल्या एकुलत्या कृष्णवर्णीय पाहुण्यावर टाकू नका.