वाचनतास घ्यायचाय? आधी ‘तात्पर्य’ सोडा

अकरा वर्षं झाली, दर शनिवारी संध्याकाळी मी वस्तीतल्या समाजमंदिरात आठ ते तेरा वयाच्या मुलांना पुस्तक वाचून दाखवते. वाचनाची गोडी लावायची म्हणून जे सांगतात ना, वाचलेल्या पुस्तकांचा तक्ता लावा, बक्षीस ठेवा, भराभर वाचायची स्पर्धा घ्या, ते सगळं आधीच वाचणाऱ्या मुलांच्या फायद्याचं आहे. ज्याचं अक्षराला अक्षर लागत नाही त्याचं नाव तक्त्यात तळाशी दिसतं आणि पुढच्या शनिवारी ते मूल येत नाही. मी खाली सांगतेय ते त्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून.

पुस्तक निवडताना ते घरी एकदा मोठ्याने वाचा. दहा-बारा मिनिटांत संपेल असं घ्या. पैशांवाचून अडत नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून गोष्टी मोफत मिळतात, मराठीही भरपूर आहेत, आणि त्या छापून घेता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत.

अर्धगोलात बसा, पण तुमची पाठ खिडकीकडे नको. मागून उजेड आला की तुमचा चेहरा अंधारात जातो आणि कमी ऐकू येणारं मूल ओठांवरून जे टिपत असतं ते सगळं बुडतं. ज्याला दिसत नाही असं मूल गटात असेल तर चित्रात काय आहे ते तुम्ही सांगू नका, शेजारच्या मुलाला सांगू द्या. सांगायचं म्हटल्यावर तोही चित्र नीट बघतो. न दिसणाऱ्या मुलासाठी पुस्तक आवाजात भरून द्यायला बरेच जण घाबरतात, कॉपीराइटचं काय म्हणून. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांगांना वाचता-ऐकता येईल अशी प्रत करून द्यायला मुभा दिली आहे. बिनधास्त भरून द्या.

वाचताना सावकाश वाचा. मध्ये थांबून शब्दार्थ सांगू नका.

आता खरं अवघड काम. पुस्तक मिटल्यावर काय करायचं? इथे मी तीन वर्षं चुकत होते, आणि त्या चुकीची किंमत मुलांनी मोजली.

मी दोन गोष्टी करायचे. एक म्हणजे ‘आता प्रत्येकाने एकेक परिच्छेद वाचा’. दुसरी, ‘या गोष्टीतून काय शिकलात?’ दोन्ही मला माझ्या शाळेने दिलेल्या. दुसऱ्या प्रश्नाला नेहमीच्याच तीन मुलींचे हात वर जायचे आणि ‘नेहमी खरे बोलावे’ असं उत्तर यायचं, गोष्ट कशाचीही असो. पहिल्याने तर त्याहून वाईट केलं. बंजारा कुटुंबातला एक मुलगा, वय दहा, वडील बांधकामावर. तो ‘दुष्काळ’ या शब्दावर अडला. ‘दु... दुश...’ करत राहिला, बाकीचे हसले, मी ‘चालेल, पुढचा’ म्हणाले. दोन महिने तो आला नाही. त्याच्या बहिणीकडून कळलं, त्यांनी गाव सोडलं होतं ते दुष्काळामुळेच.

तेव्हापासून माझा नियम आहे: मुलाने स्वतःहून मागितल्याशिवाय त्याला चारचौघांत वाचायला लावायचं नाही. ‘सवय होते’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सवय होते ती न येण्याची.

तो परत आला तेव्हा आटलेल्या विहिरीची गोष्ट होती. पुस्तक मिटलं आणि मी म्हणाले, ‘ती आजी एवढ्या खाली का उतरली, मला कळलं नाही.’ मला खरंच कळलं नव्हतं, आणि हे महत्त्वाचं आहे. उत्तर माहीत असून विचारलेला प्रश्न मुलं लगेच ओळखतात. मग मी गप्प बसले. मनात वीस आकडे मोजा, घशाशी आलेलं वाक्य गिळा. शांतता फार लांबते असं फक्त आपल्याला वाटतं. अठराव्या आकड्याला तो म्हणाला, ‘ताई, दुकाळात पाणी तळाला ऱ्हातं. वाटीनं भरावं लागतं.’

मी ते वाक्य मोठ्या कागदावर जसंच्या तसं लिहिलं, ‘दुकाळ’ आणि ‘ऱ्हातं’सकट. एक मुलगी म्हणाली, चुकलंय. मी म्हणाले, तो असं बोलला. पुढच्या शनिवारी कागद भिंतीवर होता आणि त्याने तो घडाघडा वाचला, कारण आत काय आहे ते त्याला माहीत होतं. तिसऱ्या आठवड्यात पुस्तक घेऊन आला, बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ह्योच का दुकाळ?’

म्हणून मुलांचं बोलणं लिहून घ्या आणि शुद्ध करू नका. पूर्ण वाक्य गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, आलं तर येऊ द्या, दुसरं मूल मराठीत सांगेल. गोरमाटी राजस्थानीच्या जवळची आहे. मेळघाटातली कोरकू तर मुंडा भाषाकुळातली आणि गडचिरोलीतली गोंडी द्राविडी, म्हणजे मराठीशी त्यांचं नातंच नाही. त्या घरांतलं मूल ‘अशुद्ध’ बोलत नसतं, ते दुसऱ्या भाषेतून आपल्याकडे चालत आलेलं असतं.

आणि ‘शाब्बास’ म्हणू नका. एकाला म्हटलंत की बाकीचे शाब्बास मिळेल असंच बोलायला लागतात. त्यापेक्षा ‘अजून सांग’ म्हणा.

शेवटी पुस्तकं घरी द्या, नोंदवही मुलांच्याच हातात ठेवा. लहान भावंडांच्या हाती लागून पानं फाटणारच. फाटलेलं पुस्तक घेऊन कुणी दाराशी उभं राहिलं तर आधी आत बोलवा, चिकटपट्टी द्या, शेजारी बसून पान जोडून घ्या आणि त्याच दिवशी दुसरं पुस्तक नावावर लिहा.