‘सौभद्र’ अभ्यासाला लागलं तर

‘संगीत सौभद्र’ हे अण्णासाहेब किर्लोस्करांचं नाटक हाती आलं की बहुतेक जण थेट पदांवर, म्हणजे त्यातल्या गाण्यांवर, उडी मारतात. पदं कानावरची असतात, आणि कथा महाभारतातलीच आहे असं धरून चालतात. तिथेच घोळ होतो. आदिपर्वात अर्जुन सुभद्रेला रैवतकावरून रथात घालून नेतो. तो त्रिदंडी संन्याशी होतो आणि बलराम काही न ओळखता त्याचाच पाहुणचार करतो, ही गोष्ट भागवताच्या दशम स्कंधातली, अध्याय ८६. अण्णासाहेब किर्लोस्करांनी गंमत काढली ती या धाग्यातून. आधी हे दोन उतारे वाचावेत, मग पाच अंक.

सनावळीही इथेच लिहून ठेवा: १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्यात पहिले तीनच अंक झाले, पूर्ण नाटक १८८३ मध्ये आलं.

दुसऱ्या वाचनात फक्त बलराम धरा. वहीत दोन रकाने पाडा: त्याला काय ठाऊक, प्रेक्षकाला काय ठाऊक. त्याला खलनायक केलं की नाटक मेलंच. तो घरातला कर्ता दादा. सुभद्रा दुर्योधनाला द्यायची हे त्यानं ठरवलंय, तिला विचारायचं असतं हे त्याच्या गावीही नाही. आणि तोच तिला त्या यतीच्या, म्हणजे वेषांतर केलेल्या अर्जुनाच्या, सेवेला लावतो! कृष्ण त्याच्या तोंडावर वाद घालत नाही, त्याच्या भाबडेपणावरच सगळा डाव रचतो.

‘वद जाऊ कुणाला शरण, करील जो हरण संकटाचे’ नीट वाचा. ज्या शब्दावर सगळी कथा उभी, तो ‘हरण’ सुभद्रेच्याच तोंडी, पण संकटाच्या बाबतीत. पुढे ती आप्तांना विनवून थकल्याचं सखीला सांगते. भावापुढे तिचं बळ इतकंच. उत्तरात नुसतं ‘करुण पद’ लिहून सोडू नये.

कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या मुलांना एक गोष्ट फुकट मिळते: जत्रेतल्या दशावतारात पुरुषांनी केलेली राणी पाहिलेली असते, त्यामुळे भाऊराव कोल्हटकर या पुरुष नटाची सुभद्रा समजावून सांगावी लागत नाही. पण दशावतारातलं उत्स्फूर्त भाषण इथे चालत नाही. तालमीत पदरचं वाक्य घातलं की पुढच्या पदाची उठावणी, म्हणजे सुरुवात, चुकते, पेटीवाला सूर धरून ताटकळतो.

प्रयोगासाठी काटछाट करताना साक्या-दिंड्या, म्हणजे गाऊन म्हणायची छोटी पद्यं, आधी उडवतात, लहान दिसतात म्हणून. कथा पुढे नेणारी साकी गेली तर पुढचा संवाद लोंबकळतो. कापायचंच तर लांबलेल्या पदाचं एखादं कडवं कापा.