कोथिंबीर उपटू नका, कापा! खान्देशच्या उन्हात एकाच पेरणीतून पाला आणि धने कसे घ्यायचे

आपल्याकडे भरीत करायचं म्हटलं की कोथिंबीर चिमूटभर टाकून भागत नाही, जुडीच लागते, शेवभाजी आणि पातोडीवरपण ती हवीच. आणि तरी घरी लावली की बरेच जण एकदाच मुळासकट उपटून मोकळे होतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्याच रोपाकडून आधी पाला, मग हिरवे धने आणि शेवटी वाळलेले धने मिळतात.

पेरायला ऑक्टोबर ते जानेवारी हा इकडचा बेस्ट टाइम. जळगाव-भुसावळकडं मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा रोप पाला धरायच्या आधीच फुलावर जातं. उन्हाळ्यात लावायचीच असेल तर ग्रीन नेटखाली, फक्त सकाळचं ऊन मिळेल अशी लावा, पाला थोडाच येईल.

बी म्हणून किराण्यातले अख्खे धने चालतात, फक्त नवीन हवेत. भाजलेली धनाडाळ उगवत नाही. धन्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया चिकटलेल्या असतात, त्या सुट्या करायच्या: पोळपाटावर धने पसरायचे, वरून लाटणं अगदी हलक्या हातानं फिरवायचं, कट्ट आवाज येतो आणि दाण्याची दोन फाकं होतात. जोर लावलात तर चुरा होईल. मग रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यावर निथळायचे.

माती नुसती काळी घेऊ नका, ती पाणी धरून बसते आणि सुकली की भेगाळते. निम्मी काळी माती आणि बाकी वाळू नि कुजलेलं शेणखत असं मिसळा. कुंडी 8-10 इंच खोल हवी, कारण याचं सोटमूळ सरळ खाली जातं, म्हणूनच रोप काढून दुसरीकडं लावायच्या भानगडीतही पडू नका. बी साधारण 1 सेंटिमीटर खोल टाका, झारीनं पाणी द्या, 8 ते 15 दिवसांत उगवतं, थंडी जास्त असली की उशीर लागतो.

40 दिवसांच्या आसपास कापणी सुरू करा. कात्रीनं बाहेरची मोठी पानं काड्यांसकट घ्यायची, मधला कोंब सोडायचा, मग परत फुटवा येतो. पाला भाजीत शेवटी, गॅस बंद केल्यावर टाका कारण त्याचा वास उष्णतेनं लगेच उडतो. कोवळ्या काड्या मात्र फेकू नका हं, भरतात वांगं ठेचतानाच बारीक चिरून घाला, त्यांनाच जास्त चव असते.

पुढं मधला दांडा वर निघतो, पानं बडीशेपेसारखी बारीक होतात (दोघी एकाच कुळातल्या, जिरं-ओवापण त्यातलेच), पांढरी-गुलाबी फुलं येतात आणि मधमाश्या नुसत्या गर्दी करतात. इथंच लोक रोप फेकून देतात! थांबा. थोड्या दिवसांनी हिरवे धने धरतात, एक दाताखाली फोडून बघा, आधी कोथिंबिरीचा वास येतो आणि मागून लिंबासारखा झटका. मिरचीच्या ठेच्यात हे चमचाभर टाकले तर वेगळीच मजा.

वाळलेले धने साधारण साडेतीन महिन्यांत तयार होतात. निम्मे दाणे तपकिरी झाले की झुपके कापून कागदी पिशवीत उलटे टांगा, सावलीतच. मग काळ्या मसाल्यासाठी मंद आचेवर कोरडे भाजा, करपले तर मसाला कडू होतो.

आता उन्हाळ्याचं काम. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात धान्यक हिम, म्हणजे धने गार पाण्यात भिजवून केलेलं पाणी, सांगितलंय, अंगातला दाह आणि तहान यासाठी. एक भाग धने भरड कुटून सहा भाग पाण्यात रात्रभर भिजवायचे, म्हणजे 20 ग्रॅमला 120 मिली, सकाळी कुस्करून गाळून खडीसाखर घालून प्यायचं. उकळायचं नाही. डायबिटीस असेल तर खडीसाखर नको, आणि शुगरची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, धन्यानं शुगर आणखी उतरू शकते. ऊन लागून कोणी बरळायला लागलं, अंग तापलं, शुद्ध हरपायला लागली तर धन्याचं पाणी करत बसू नका, सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता आणि 108 ला फोन लावा.