रोमन सोन्याचं नाणं ओळखताना या चुका टाळा

आजीच्या माळेतली पुतळी पुढे करून ‘हे रोमन ना?’ असं विचारलं की उत्तर बहुधा नकारार्थीच असतं. अक्षरं लॅटिन असली तरी पुतळी म्हणजे व्हेनिसचं डुकाट, नाहीतर त्याची देशी नक्कल. डुकाट सुरू झालं १२८४ मध्ये. त्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक, मध्ये निशाणाची काठी. वजन साडेतीन ग्रॅम. औरियस म्हणजे रोमन सोन्याचं नाणं, ते जवळपास दुप्पट भरतं आणि त्याच्या दर्शनी बाजूला बहुतेक वेळा एकच मस्तक असतं.

मात्र काट्यावरही आंधळा विश्वास नको. रोमन सम्राट ऑगस्टसचं औरियस पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, तर नंतरचा सम्राट नीरो याने इ.स. ६४ मध्ये एका रोमन पौंडात ४५ नाणी पाडायला सुरुवात केल्यावर ते सव्वासातवर आलं. हलकं भरलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘सीझर’ हा शब्द. तो दिसला की ज्युलियस सीझर, असं नसतं. पुढे ती पदवीच झाली, त्यामुळे शेजारचं नाव वाचा. ‘डिव्हस’ किंवा ‘डिव्हा’ असेल तर ती व्यक्ती मरून देवपदाला पोचलेली. सम्राट अँटोनिनस पायसची राणी फॉस्टिना इ.स. १४० मध्ये वारली आणि तिच्या नावाची नाणी त्यानंतरही निघत राहिली.

मागच्या बाजूची पंखवाली बाई परी नव्हे, विजयदेवता व्हिक्टोरिया. सापाला खाऊ घालणारी सालूस, म्हणजे आरोग्यदेवता. नागपूजा शोधायला जाऊ नका!

आता चेहऱ्यावरचा घाव. १८९८ मध्ये तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ ५०१ औरियस सापडली. बहुतेकांवर सम्राटाच्या डोक्यावरच छिन्नीचा घाव. सोनं सुलाखून पाहायला तो घातला म्हणावं, तर नेमकं तोंडच का निवडावं? चलनातून बाद करण्यासाठी तो घातला असावा, हा तर्क मला जास्त पटतो. कसंही असो, तो घाव नाण्याच्या भारतातल्या मुक्कामाचा पुरावा आहे. सोनाराकडे नेऊन तो बुजवून घेऊ नका, आणि उजळूनही घेऊ नका.