गावाचं ताट बदलायचंय? मग लोकांना विचारताना या चुका टाळा

गेली काही वर्षं मी गावोगावी अशा मीटिंगा घेतोय, कुठे वरई-नाचणी परत आणायची, कुठे देशी बियाणं जपायचं, कुठे अंगणवाडीच्या आहारात गावातलाच भाजीपाला द्यायचा. त्यातल्या बऱ्याच फसल्या. विषय चांगले होते, विचारायची पद्धत चुकली. तुम्ही ग्रामसभेत किंवा बचत गटात असं काही करणार असाल तर आमच्या चुका तरी परत करू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी ठरवायचं आणि मग लोकांना बोलवायचं. एका डोंगराळ गावात आम्ही वरईचं बियाणं आधीच आणून पंचायतीच्या खोलीत ठेवलं होतं, मग सभा लावली, आणि पहिल्या पाच मिनिटांतच एक आजी म्हणाल्या, "बी तर आलंय की, मग आम्हाला काय नुसतं अंगठे द्यायला बोलावलं?" त्यानंतर कोणी तोंडच उघडलं नाही. वरई बंद का पडली हे आम्ही कोणालाच विचारलं नव्हतं, ते नंतर चुलीपाशी बसल्यावर कळलं. वरई कांडावी लागते, ते काम बायकांच्या अंगावर पडतं, जवळपास भरडायचं मशीन नाही, आणि रेशनचा तांदूळ तयार मिळतो, मग कोण कांडत बसणार? म्हणजे गावाला आधी मशीन हवं होतं, बी नंतर. त्यामुळे सभेत "हे करूया का?" असं विचारण्याआधी "हे बंद का झालं?" एवढं विचारा, आणि उत्तर ऐकून प्लॅन बदलायची तयारी नसेल तर सभा घेऊच नका, लोकांचा अर्धा रोज बुडतो.

"बायका बोलतच नाहीत" ही तक्रार तर प्रत्येक ठिकाणी ऐकतो. अहो, सकाळी अकराची सभा, त्यात भात लावणीचे दिवस, त्या येणार कधी? आपल्याकडे ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचा नियम आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरमध्येच होते. ती खरोखर घ्या, रात्रीची भांडी झाल्यावर, वस्तीवर जाऊन. आणि मजुरीवर जाणाऱ्यांनाही वेगळं विचारा, कारण तणनाशक बंद केलं की खुरपणी वाढते, मग ती कोण करणार आणि किती रोजाने हे जमीनवाल्याला विचारून कळत नाही.

दुसरं म्हणजे गोड-गोड प्रश्न. "विषमुक्त अन्न हवं का?" याला नाही कोण म्हणेल? हात वर होतात, फोटो निघतो, शेतात काही बदलत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाकडे बघा, तिथे पावसाचा आकडा मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात, आधी पिण्याचं पाणी, मग उरलेल्यात कोणतं पीक बसतं ते ठरतं, आणि ऊस-केळी नको, शेतीसाठी बोअर नको असे जड निर्णयही गावाने घेतले. काय सोडावं लागणार हे समोर असल्यावरच होकाराला वजन येतं. रासायनिक खतं-औषधं बंद केली की पीक पहिली दोन-तीन वर्षं घटू शकतं, हे लपवू नका, लोक नंतर तुमच्याच दारात येतील.

कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, नाही भरला तर? सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे मोजक्या पंधरा जणांत ठराव पास करून टाकायचा मोह होतो. कायद्यात बसलं तरी असा ठराव शेतात टिकत नाही, हे मी डोळ्याने पाहिलंय. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात निर्णय सर्वसहमतीने होतात, त्याआधी अभ्यास गटात विषय घोळवतात, वेळ लागतो, लागू द्या.

आणि विचारून झाल्यावर गायब होऊ नका. बीटी वांग्याचं, म्हणजे किडीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या वांग्याचं, आठवतं का? ऑक्टोबर 2009 मध्ये जनुकीय बदल केलेली पिकं तपासणाऱ्या केंद्रातल्या जीईएसी या समितीने त्याला मंजुरी दिली होती, तरी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी 2010 च्या सुरुवातीला सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, आपल्याकडची नागपूरला झाली. गोंधळ, घोषणा सगळं झालं, पण 9 फेब्रुवारीला या वांग्याची लागवड थांबवताना कारणं लेखी जाहीर केली, ती कोणालाही वाचता आली. निर्णय पटो न पटो, आपलं म्हणणं कुठे गेलं ते लोकांना दिसलं. माझा आक्षेप एकच, वांगी लावणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्यासाठी नागपूर गाठावं लागलं, सुनावणी तालुक्यापर्यंत यायला हवी होती.

गावात याला खर्च काहीच नाही. पंचायतीच्या फळ्यावर तीन ओळी लिहायच्या, कोण काय म्हणालं, त्यातलं काय घेतलं, काय नाही घेतलं आणि का. त्या वरईच्या गावात आम्ही हे दुसऱ्या वर्षी केलं, "आधी भरडायचं मशीन, बियाणं पुढच्या हंगामात" असं खडूने लिहिलं, आणि पुढच्या सभेला त्याच आजी सुनेला घेऊन आल्या.