घड्याळ मागे पडतंय की पुढे? क्रिस्टल बदलण्याआधी हे तपासा

शाळांसाठी आपोआप वाजणाऱ्या घंटांचे टायमर मी अकोल्यात बनवतो. घंटा उशिरा वाजते अशी तक्रार आली की बरेच कारागीर थेट ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल (सेकंदाला तितके कंप घेऊन घड्याळाला ठोके देणारा स्फटिक) उपटून नवा लावतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी आठवडाभर वही घाला. रोज ठरलेल्या वेळी मोबाइलशी ताडून फरक लिहा आणि शेजारी पेटीच्या आतलं तापमानही लिहा.

हिशोब सोपा आहे. दहा लाखात एक, म्हणजे १ पीपीएम फरक पडला, तर दिवसाला ०.०८६४ सेकंद. बाजारातला साधा क्रिस्टल ±२० पीपीएमचा असतो, तेव्हा महिन्याला ५०-५२ सेकंदांचा फरक हा बिघाड नव्हेच.

आता दिशा बघा, कारण खरी माहिती तिथेच आहे. या क्रिस्टलची फ्रीक्वेन्सी साधारण २५ अंशांना सर्वात जास्त असते. तापमान वर गेलं तरी घटते, खाली आलं तरी घटते, म्हणजे दोन्हीकडे घड्याळ मागेच पडतं. किती पीपीएम ते काढायला २५ पासूनच्या फरकाचा वर्ग करा आणि ०.०३५ ने गुणा. पत्र्याखालच्या पेटीत आमच्याकडे मे महिन्यात ६० अंश सहज होतात: ३५ चा वर्ग १२२५, म्हणजे जवळपास ४३ पीपीएम. तेवढं तापमान चोवीस तास राहिलं तर दिवसाला ३.७ सेकंद मागे. जानेवारीच्या पहाटे १० अंशांनाही ८ पीपीएम मागेच. म्हणून उन्हाळ्यातल्या आकड्यावर ट्रिमिंग (चाल बारीक जुळवणं) करू नका. आधी पेटी सावलीत हलवा, ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवा.

बाराही महिने सारखंच मागे पडत असेल तर लोड कपॅसिटन्सवर, म्हणजे क्रिस्टलला सर्किटमधून मिळणाऱ्या धारितेवर संशय घ्या; ती पिकोफॅरडमध्ये मोजतात आणि जास्त झाली की चाल मंदावते. वेळ मोजणाऱ्या डीएस१३०७ चिपला १२.५ पिकोफॅरडचा क्रिस्टल लागतो आणि तेवढा लोड चिपच्या आतच असतो. कुणी बाहेरून २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर लावले असतील तर काढून टाका. ६ पिकोफॅरडचा क्रिस्टल लागला असेल तर घड्याळ दिवसाला आठ-नऊ सेकंद मागे जातं. क्रिस्टलच्या नळकांड्यावर हा आकडा छापलेला नसतो, म्हणून विकत घेतानाच विचारा. बाहेरचे कपॅसिटर लागणारा मायक्रोकंट्रोलर असेल तर दोन्ही सारखे घ्या: लोड म्हणजे एकाच्या निम्मे, अधिक बोर्डवरचे तांब्याचे ट्रॅक आणि पिनांचे ३-४ पिकोफॅरड. म्हणजे १२.५ साठी १८-१८ जवळपास बरोबर बसतात. १ पिकोफॅरड इकडेतिकडे झाला की सुमारे ८ पीपीएम हलतात, म्हणून क्रिस्टल चिपला चिकटूनच हवा.

पुढे पळणाऱ्या घड्याळाला मात्र उन्हाचा दोष देता येत नाही. एक तर लोड कमी पडतोय, नाहीतर रिलेचा किंवा डेटाचा ट्रॅक क्रिस्टलजवळून गेलाय आणि त्याचे धक्के जादा ठोके म्हणून मोजले जातायत. तो ट्रॅक हलवा, क्रिस्टलखाली ग्राउंडचा भाग ठेवा.

फरक रोज वेगळा आणि पावसाळ्यात जास्त? मग बोर्डवर फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट पदार्थ) राहिलाय. पिनांमध्ये ओल धरते आणि करंट गळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवा, पूर्ण वाळवा, मगच कोटिंग करा.

मोजताना क्रिस्टलच्या पायांना मापनयंत्राचा प्रोब लावू नका. प्रोबच्या १०-१२ पिकोफॅरडने चाल मंदावते, कधी आंदोलनच थांबतं. डीएस१३०७ च्या स्क्वेअर वेव्ह पिनला १० किलोओहमचा पुल-अप (पुरवठ्याच्या प्लसला जोडलेला रेझिस्टर) द्या आणि तिथे फ्रीक्वेन्सी काउंटर लावा.

एवढं करूनही उन्हाळ्यातला फरक चालणार नसेल तर डीएस३२३१ ही घड्याळाची चिप वापरा. ती तापमान मोजून स्वतःच दुरुस्ती करते, ० ते ४० अंशांत ±२ पीपीएम. मॉड्यूल घेताना चिपवरची अक्षरं भिंगाने वाचा: शेवटी नुसता 'एम' असेल तर ती ±५ पीपीएमवाली वेगळी चिप आहे.